आमच्या घरात कुणाला काहीच नाही

ता. ४, मंगळवार

ती. ताईस,
सा. न.

काल सगळ्यांच्या आधी उगवल्या त्या विहीणबाई. दवाखान्यातल्या दोघीजणी दहाला येणार होत्या, तर ह्या साडेआठलाच दारात, काखेत वही. हेडबाई होत्या ना शाळेत, सवय जात नाही. माझ्या फडताळावरून बोट फिरवलं नि धूळ लागली नाही म्हणून चक्क हिरमुसल्या.

थांब, आधी बाळाचं सांगते, नाहीतर तू इथेच पत्र ठेवून देशील. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हा कागदाचा उपद्व्याप. आपली टिचकी नऊ दिवसांची झाली! तीन महिने आधीच आली घाईची, किलोभरही नाही, काचेच्या पेटीत असते. माझं बोट असं धरते की ह्यांनीसुद्धा इतक्या वर्षांत कधी धरलं नाही.

पण एक गोष्ट मी तुला लपवली होती. तिसऱ्या दिवशी तिच्या टाळूवरून सोनोग्राफी केली, तेव्हा मेंदूत थोडं रक्त उतरलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या तिथल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, दाब जरा वरखाली झाला की फुटतात. डाग लहान आहे, बहुतेक जिरून जाईल, पण वाढला तर अवघड. म्हणून तिला सारखं हाताळायचं नाही, डोकं सरळ ठेवायचं, जवळपास आवाज करायचा नाही. मी नि विहीणबाई नाक कुणावर गेलंय एवढंच जरा बोलत होतो, तर नर्सनं दोघींना कानाला धरल्यासारखं बाहेर काढलं.

तर त्या दोघी आल्या. एक शिकाऊ डॉक्टरीण, दुसरी लिहून घेणारी. असं रक्त कुणाच्या बाळाला येतं नि का, ह्याचा म्हणे त्या शोध घेतात. आधी विचारलं, घरात विडी-सिगरेट कोण ओढतं, सूनबाईला ताप आला होता का, कुठली औषधं घेतली. मग विचारलं, दोन्ही घराण्यांत कुणाला रक्त लवकर न थांबण्याचा त्रास, कमी वयात अर्धांग, असं काही? आता मला सांग, विहीणबाई समोर वही उघडून बसलेल्या. मी पदर सावरून सांगितलं, आमच्या घरात कुणाला काहीच नाही. वर तुझी उंची सांगितली, दादाची पक्की नोकरी सांगितली. ती लिहिणारी पोरगी पेन उचलून नुसती बघत राहिली. विहीणबाई कसल्या मागे राहतात! त्यांच्याकडे तीन पिढ्यांत साधी सर्दी नाही, असं म्हणाल्या आणि तेवढ्यात दोनदा शिंकल्या.

शेवटी सूनबाई म्हणाली, मी दोन दिवस ताप अंगावर काढला, चष्म्याच्या दुकानात कामाला तशीच उभी राहिले, माझ्यामुळेच झालं सगळं. आणि उठून आत गेली. मी चहा केला.

माया आहे तेवढी राहू दे, कमी केलीस तर मी रुसेन.

तुझी धाकटी

ता. ८, शनिवार

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अगं, स्थळ कुणाचं ठरत होतं? तुझं? अडुसष्टाव्या वर्षी?

कुणाला काहीच नाही म्हणे! लहानपणी तुझा नाकाचा घोळणा फुटला की घरातले टॉवेल पुरायचे नाहीत. भावोजींच्या घरचे तुला बघायला आले, तेव्हा मी मागच्या नळाखाली तुझं डोकं धरून उभी होते, आणि आई बाहेर सांगत होती की मुलगी फार टापटिपीची, तिसऱ्यांदा तोंड धुतेय. दाढ काढलीस तर दोन दिवस रक्त थांबेना. बाळंतपणात तुला रक्ताच्या बाटल्या चढवल्या. तुझ्या मुलाच्या टॉन्सिलच्या वेळी पुन्हा तेच. आणि मी? स्टुलाला गुडघा लागला तर महिनाभर वांग्याचा रंग.

आपण सगळे त्याला उष्णता म्हणत आलो, कारण उष्णता म्हटलं की लग्नं जमतात. पण त्या पोरी लग्न जमवायला आल्या नव्हत्या. ती सून आत बसून सगळा दोष स्वतःकडे घेतेय, आणि तू तिथे उंच्या सांगतेस. माझी सांगितलीस तीसुद्धा चार बोटं जास्तच असणार.

हे पत्र खाली ठेव, चपला घाल आणि दवाखान्यात जा.

रागावले आहे, तरी आशीर्वाद नेहमीएवढेच.

तुझी ताई

ता. १३, गुरुवार

ती. ताईस,
सा. न.

गेले बाई, गेले. चपला घातल्या त्यासुद्धा दोन वेगवेगळ्या.

विहीणबाई तिथेच होत्या. त्यांना बाहेर पाठवावं असं मनात आलं, पण सूनबाईचा चेहरा बघितला आणि सगळं भडाभडा बोलून टाकलं. घोळणा, दाढ, बाटल्या, टॉन्सिल, तुझा गुडघा. डॉक्टरीणबाई रागावतील वाटलं, तर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, हे आधी कळायला हवं होतं. रक्त गोठवणारं काही घराण्यातच कमी असेल तर त्यावर औषध आहे. नसेलही. लवकर येणं, ताप, रक्तातला दोष, ह्यात कशाचा किती वाटा ते अजून त्यांनाही नीट सांगता येत नाही. पण एकट्या आईवर बोट ठेवता येत नाही, हे त्यांनी सूनबाईकडे बघून दोनदा सांगितलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, ताई. मग नाक पुसून म्हणाली, आई, अजून काही लपवलंय का ते आत्ताच सांगा. मी माझं खरं वय सांगून टाकलं.

उतरताना विहीणबाई अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाल्या, माझ्या भावाला एकोणचाळिसाव्या वर्षी अर्धांगवायू झाला होता, आम्ही सगळीकडे स्कूटरवरून पडला असं सांगितलं. मी म्हटलं, अहो, मग चला वर. गुडघे दुखत असूनही माझ्या आधी वर पोचल्या. आता आमची चढाओढ लागलीय. काल त्यांनी एक मूळव्याधवाले काका आणले, डॉक्टरीणबाईंनी हात जोडून ते परत पाठवले.

आज सकाळी पुन्हा सोनोग्राफी झाली. डाग वाढलेला नाही, उलट कडेनं फिका झालाय. टिचकीचं वजन साठ ग्रॅमनं वाढलं. डोकं मधोमध ठेवून नर्सनं तिला पाच मिनिटं सूनबाईच्या छातीवर निजवलं, आणि आम्ही दोघी आज्या काचेबाहेर तोंडावर हात ठेवून उभ्या.

टिचकीचं रक्त सारखं काढता येत नाही, एवढंसं तर असतं. म्हणून आधी माझं, मुलाचं आणि तुझं तपासणार आहेत. पत्र मिळताच निघ, गुडघा झाकू नकोस, उंची जी असेल ती घेऊन ये. इथे सगळे तुझी वाट बघतात, मी जरा जास्तच.

तुझी धाकटी

ता. क. : त्या शोध घेणाऱ्या दोघी मंगळवारी, अठरा तारखेला, सकाळी दहाला पुन्हा येतो म्हणाल्यात.