समासातलं अक्षर

बाई, तुम्ही गेलात त्याला अठरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. वाचनालय चालू होतं, मी तुमच्या खुर्चीवर बसत होते, आणि तुम्ही विचारलं असतंत तर तोंड वर करून सांगता येईल असं काम करत होते. आता तसं राहिलेलं नाही. खिडकीजवळचं कपाट गेलं. त्यातली पुस्तकं गेली, आणि ती मी घालवली. हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुम्हाला आपणच सांगावं असं वाटतं, आणि मग लक्षात येतं की तुम्हाला सांगणारं माझ्याशिवाय कोणी उरलेलंच नाही.

मी पहिल्यांदा तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा आठवीत होते. बाबांना कारखान्यात काम लागलं म्हणून आम्ही चंद्रपूरकडून इथे पुण्यात आलो होतो आणि कसब्यात तांबट आळीच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो. दिवसभर भांडी ठोकल्याचा आवाज, म्हणून मी शाळेतून सुटले की तुमच्याकडे येऊन बसायची. एक दिवस तुम्ही माझ्या हातातलं पुस्तक उलटं फिरवून घेतलंत आणि विचारलंत, "काय चाललंय?" मी म्हटलं, "वाचून राहिली." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "राहू नकोस. नुसतं वाच. आणि ह्या रेघा कोणाच्या?" रेघा माझ्याच होत्या, पेन्सिलच्या, आवडलेल्या प्रत्येक वाक्याखाली. "तुला काय आवडलं हे पुढच्या माणसाने का म्हणून सोसायचं?" असं म्हणून तुम्ही ड्रॉवरमधून खोडरबर काढून दिलात आणि ते पुस्तक पहिल्या पानापासून साफ करायला लावलंत, माझ्या रेघा आणि माझ्या आधीच्या लोकांच्याही. चार दुपारी लागल्या. चौथ्या दिवशी तुम्ही पुस्तक तपासलंत आणि सभासदत्वाच्या अर्जावर ओळखीच्या माणसाची सही लागते तिथे स्वतःची सही केलीत. आम्हाला पुण्यात तेव्हा ओळखणारं कोणी नव्हतं. घरी जाऊन मी आईला ती सही दाखवली. आईला वाचता येत नव्हतं, तरी ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली.

पुढे मी बी.ए. करून ग्रंथालयाचा कोर्स केला आणि तुमच्या हाताखाली लागले. काका आले ते त्यानंतर दुसऱ्या वर्षी. तुम्हाला आठवत असतील. छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले, बारीक, पांढरा शर्ट, वारज्याला राहायचे. त्यांची मुलगी सव्विसाव्या वर्षी आजाराने गेली होती आणि तिची पुस्तकं त्यांनी रिक्षातून आणली होती, दोनशेच्या वर. रिक्षावाला खाली भोंगा वाजवत होता. तुम्ही पहिलं पुस्तक उघडलंत आणि मी तुमच्या मागून बघितलं तर समास भरलेले होते. मुलगी पुस्तकाशी भांडायची. कुठे प्रश्न, कुठे नुसतंच मोठं "नाही", कुठे खालपासून वरपर्यंत बारीक अक्षरात काहीतरी. आता नियमाचा बोर्ड तुमच्याच अक्षरातला: लेखन केलेली पुस्तके देणगी म्हणून स्वीकारली जाणार नाहीत, देणगीदारास अट घालता येणार नाही. मला वाटलं, तुम्ही बोट दाखवाल आणि काका परत जिना उतरतील. तुम्ही काकांना बसायला सांगितलंत. मग मला म्हणालात, "खिडकीजवळचं कपाट रिकामं कर. आणि ह्यातलं एक अक्षर खोडायचं नाही." काका म्हणाले, "अहो, पण नियम आहे ना." तुम्ही म्हणालात, "नियम मीच लिहिलाय, मला माहिती आहे. ही इथेच राहतील. मी आहे, माझ्यानंतर ही आहे." आणि माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवली. तेवढंच. पण मान मी हलवली होती, बाई.

त्यानंतर काका दर मंगळवारी यायचे. वारज्याहून महापालिकेच्या थांब्यापर्यंत बस, तिथून चालत. कपाटातलं एक पुस्तक काढायचे, खिडकीशी बसायचे आणि मुख्य मजकूर सोडून नुसते समास वाचायचे. एका दिवसात चार-पाच पानं, त्यापेक्षा जास्त नाही. मी एकदा म्हटलं, काका, घरी घेऊन जा की. ते म्हणाले, "घरी नेली तर आठवड्याभरात संपतील. इथे पुरतात." तुम्ही गेल्यावरही ते येत राहिले. तुमच्या शोकसभेला ते मागच्या रांगेत होते, आणि सभा संपल्यावर मला हळूच विचारलं होतं, "कपाट राहील ना?" मी हो म्हटलं. तेव्हा मला त्यात काहीच अवघड दिसत नव्हतं.

आता काय झालं ते सांगते. वाचायला येणारे कमी होत गेले आणि स्पर्धा परीक्षांची मुलं वाढली. यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीकडून आलेली, एका खोलीत सहा-सहा जण राहणारी. त्यांना बसायला जागा पाहिजे. मी त्यांना नाही कशी म्हणणार, मी त्यांच्यातलीच आहे. समितीने ठरवलं की मोठ्या हॉलची अभ्यासिका करायची, कार्ड लावल्याशिवाय दार उघडणार नाही असं यंत्र बसवायचं, आणि पुस्तकं निम्मी करायची. नवे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका दुपारी बसून लिहिले. पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तके बाद. फाटलेली बाद. लेखन असलेली बाद. हात अडखळला नाही. चांगले नियम झाले असं मला वाटलंसुद्धा. यादी आली तेव्हा खिडकीजवळचं कपाट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यात होतं. काका बसून वाचायचे, कधी घरी नेलं नाही, त्यामुळे आमच्या नोंदीप्रमाणे त्या पुस्तकांना वीस-बावीस वर्षांत कोणी हातही लावला नव्हता.

मी चिटणीसांना म्हटलं, हे कपाट ठेवू या. ते वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, तुमचाच नियम आहे. आणि एक अपवाद केलात की उद्या प्रत्येक देणगीदाराचा मुलगा दारात उभा." तरीही माझ्या हातात बरंच काही होतं. ती सगळी पुस्तकं माझ्या कार्डावर घरी नेली म्हणून नोंदवता आली असती. काकांना फोन करून घेऊन जा म्हणता आलं असतं. फोन नंबर माझ्या डायरीत होता. पण काका दोन महिने आले नव्हते, पडून मांडीचं हाड मोडल्याचं कळलं होतं, आणि मला वाटलं, आता ह्या वयात ते परत जिना कुठले चढतात. हे मी नीट लिहिते, कारण इथपर्यंत आल्यावर तुमच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही. ते परत येऊ नयेत असं मला वाटलं. त्यांचं वाईट व्हावं म्हणून नाही. मला सांगावं लागू नये म्हणून. मी यादीवर सही केली आणि सोमवारी रद्दीचा टेम्पो आला.

काका पाच आठवड्यांनी आले. मंगळवारीच. हातात काठी, जिना एकेक पायरी. यंत्राला कार्ड लागतं, ते त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून दारावरच्या शिपायांनी त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला बोलावलं. काचेतून त्यांना खिडकीच्या जागी मुलांच्या केबिन दिसत होत्या. "ताई, कपाट हलवलंत का?" मी म्हटलं, हो, आतल्या खोलीत आहे, यादीचं काम चाललंय. "मग पुढच्या मंगळवारी येऊ?" या, म्हटलं. तो आठवडा मी रद्दीवाल्यांकडे हिंडले. बोहरी आळी, मंगळवार पेठ, मग स्वारगेटच्या पुढचं एक गोदाम, तिथल्या माणसाने सांगितलं की तो माल कधीच कागदाच्या मिलला गेला, लगदा झाला असेल. "जुनं पुस्तक होतं का काही किमती?" असं त्याने विचारलं. मी नाही म्हटलं.

पुढच्या मंगळवारी मी त्यांच्या शेजारी बाकावर बसून सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "सगळी?" हो. "एखादं मागे पडलं असेल." मी शोधलं काका, नाही. आतून मुलांच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. "नियम कोणी केला?" मी म्हटलं, मी. त्यांनी मान वर करून दाराशेजारचा नवा बोर्ड वाचायला घेतला, पहिल्यापासून, सवयीने एकेका शब्दावर थांबत. मला वाटलं आता काहीतरी बोलतील आणि मी ते ऐकून घेईन, मला ते हवंच होतं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "नवव्या नियमात 'समिती' हा शब्द चुकलाय. 'म'ला पहिली वेलांटी पाहिजे." एवढंच. बाई, तुम्ही मला पंधरा वर्षं रागावत होतात, पण असं मला कोणी बोललं नव्हतं.

उठताना त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज बघायचात ती पुस्तकं. त्यातलं काही आठवतंय का तुम्हाला? तिने लिहिलेलं?" आणि तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी त्या कपाटाची धूळ पुसली, वाळवी बघितली, ऊन येतं म्हणून ते फूटभर आत सरकवलं, पण त्यातलं एक पुस्तक उघडून त्या मुलीचं एक वाक्य वाचलं नाही. पहिल्या दिवशी तुमच्या मागून जे दिसलं तेवढंच. काका काठीवर वाकून उभे होते. मी म्हटलं, आठवतंय ना. एका प्रवासवर्णनात लेखक कुठल्याशा डोंगरावर फार भारावला होता, तिथे कडेला तिने लिहिलं होतं, "ह्यांना चहा मिळालेला दिसतोय." काका थांबले. मग हसले. मोडलेलं हाड सांभाळत, बाकाला धरून हसले. "तिचंच," म्हणाले, "तिचंच आहे ते. हे माझ्याकडून सुटलं होतं." खिशातून कागद काढला, छापखान्यातल्या सरळ अक्षरात ते लिहून घेतलं आणि म्हणाले, "आणखी आठवलं तर सांगा हं."

तेव्हापासून ते परत दर मंगळवारी येतात. आत जायचं नाव काढत नाहीत. बाकावर बसतात, मी चहा घेऊन बाहेर जाते आणि ते विचारतात, "आज काही आठवलं?" मी सांगते. त्यांच्या वहीत आता नऊ झालेत. गेल्या वेळी म्हणाले की सुनेला वाचून दाखवले, तिला म्हटलं, बघ, कशी होती ती. सून घरात आली तेव्हा मुलीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणजे ती आता त्या मुलीला माझ्या वाक्यांवरून ओळखते. थांबावं असं दर वेळी ठरवते. खरं सांगितलं तर त्यांच्याजवळचं उरलेलंही काढून घेतलं असं होईल, आणि न सांगितलं तर त्या मुलीचं जे काही होतं त्यावर मी दर मंगळवारी थोडं थोडं माझं अक्षर चढवते आहे. तुम्ही काय केलं असतंत, हे मला सुचत नाही. बहुतेक तुमच्यावर ही वेळच आली नसती.

हे कागद मी कुठे ठेवणार नाही, कोणाला देणारही नाही. उद्या मंगळवार आहे. तुम्हाला सगळं सांगावं म्हणून बसले, असं सुरुवातीला लिहिलं खरं, पण बसले होते ते उद्यासाठी एखादं वाक्य जुळवायला. ते अजून जुळलेलं नाही.