हिची वही, माझा शिवणवर्ग

२ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. खोटं लिहायचं नाही, कारण वाचणारं कोणी नाही.

परदेशात येऊन दोन दिवस झाले. इथल्या मिशनने निराधार बायांना शिवण शिकवायला खरं तर हिला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलावलं होतं. बत्तीस वर्षं शिवणकाम केलेली बाई. अर्जही हिच्याच नावाचा. ऐन वेळी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, आता मंडळीतून कोण जाणार? मी हात वर केला. बत्तीस वर्षं हिच्या मशीनशेजारी बसून पेपर वाचलाय. एवढं पाहून माणूस शिकतोच. शिवाय हिची मापांची वही बरोबर आहे. निघताना ही म्हणाली, अडलं तर फोन करा. अडणार नाही.

५ जून
वर्गात अकरा बाया. कुणाला नवऱ्याने हाकललंय, कुणाचं घरच गेलंय. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना. मिशनच्या मेट्रनबाई मध्ये उभ्या राहून इंग्रजीतून काम भागवतात.

सर्वांत पुढे बसते ती चष्मेवाली. तिची मुलगी लांबच्या वसतिगृहात आहे. आईला बारमाही काम लागलं तरच पोर परत मिळणार, अशी अट. मेट्रनबाईंना म्हटलं, काळजी सोडा, मी आलोय.

पहिले दोन आठवडे फक्त थिअरी. कापडाला हात लावायचा नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

९ जून
मशीनची ओळख करून दिली. दोरा सारखा तुटत होता. सुई मी स्वतः बसवली होती, त्यामुळे दोष मशीनचाच. मेकॅनिक बोलवायला सांगितलं. तेवढ्यात चष्मेवालीने सुई काढली, फिरवून परत लावली. मशीन आपोआप सुधारलं. बायांना हसायला काय झालं कोण जाणे.

१२ जून
सकाळच्या प्रार्थनेत सहनशक्ती मागितली. आमेन म्हणायच्या आत मेट्रनबाईंनी दार वाजवलं. बाया विचारतायत, कापड कधी मिळणार? थिअरी संपल्यावर, असं चौथ्यांदा सांगितलं.

संकल्प: चिडायचं नाही.

१२ जून, दुपारी साडेबारा
चिडलो.

१६ जून
मोठी बातमी! जवळच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस येऊन गेल्या. २८ तारखेपर्यंत मुलींचे वीस फ्रॉक हवेत, नमुना म्हणून. पसंत पडले तर वर्षभराचे युनिफॉर्म आमच्याकडे. हे ऐकून चष्मेवाली रडायलाच लागली. मलाही भरून आलं. कापड मोजून वीस फ्रॉकपुरतं. चुकीला जागा नाही. म्हणून कटिंग मी एकटा करणार.

१९ जून
वीसच्या वीस फ्रॉक कापले. वहीतल्या मापांबरहुकूम, सुताचाही फरक नाही. चष्मेवाली मात्र सारखी मध्ये मध्ये. कापडाच्या कडेला दोन बोटं आडवी धरून काहीतरी दाखवत होती. मेट्रनबाई बाजारात. मला वाटलं, दोन मिनिटांची सुट्टी मागतेय. जा म्हटलं. गेली नाही, उलट कात्रीच धरली. हात झटकून काम पुरं केलं.

२१ जून
पहिला फ्रॉक शिवून झाला. मेट्रनबाईंनी शाळेतली एक पोर आणली. पोरीचं डोकं आत गेलं, बाकीची पोर बाहेरच राहिली. म्हटलं, इथल्या पोरी अंगाने भरलेल्या. मेट्रनबाईंनी टेप आणून पोर मोजली. पोर वहीप्रमाणेच निघाली. मग कापड आटलं असणार. अजून धुतलं नव्हतं, हे मान्य.

म्हणजे उरलेले एकोणीसही तसेच.

चष्मेवाली कोपऱ्यात बसून तो फ्रॉक उसवत राहिली. मला तिच्याकडे पाहवेना. हिला फोन करावा? छे. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य ऐकायला मी समुद्र ओलांडून आलेलो नाही.

२३ जून
सर्दी. खोलीतच पडून आहे. बाया माझ्याविना हवालदिल झाल्या असणार. वर्गातून हसण्याचे आवाज येतायत. फार ताण आला की माणूस असाच हसतो.

२६ जून
सर्दी बरी. वर्गात गेलो तर फ्रॉक रुंद झालेले! दोन्ही बाजूंना गडद निळी पट्टी. कापड ओळखीचं वाटलं. खोलीत येऊन पाहिलं, खिडकीला पडदा नाही. असो. पट्ट्यांचा उल्लेख मी थिअरीत केलाच होता.

२८ जून
पास! पट्टी तर हेडमिस्ट्रेसना फारच आवडली. वर्षभराचं काम मिळालं. मी पंधरा मिनिटं भाषण केलं, मेट्रनबाईंनी त्याचं एका वाक्यात भाषांतर केलं. टाळ्यांचा कडकडाट. सगळ्या बाया टाळ्या वाजवताना कपाटाकडे का बघत होत्या, हे उद्या विचारायचं.

२९ जून, संध्याकाळ
विचारलं.

कपाटावर मेट्रनबाईंचा फोन उभा केलेला असतो. फोनमध्ये ही. पाय उशीवर, गळ्यात टेप. अर्जावर हिचाच नंबर होता. एकवीस तारखेच्या संध्याकाळपासून रोज वर्ग चाललाय. पहिल्या दिवशी मेट्रनबाई मध्ये होत्या, नंतर त्यांचीही गरज पडली नाही. ही हाताने दाखवते, बाया करतात.

वहीतल्या मापांत शिलाईसाठी जागा धरलेलीच नसते म्हणे. ही कापताना कडेने दोन बोटं जादा सोडते. लिहून कशाला ठेवायचं, हातालाच ठाऊक. बत्तीस वर्षं माझ्या नाकासमोर सोडत होती. चष्मेवालीही तेच दाखवत होती.

फोनवर आलो तेव्हा तयारीत होतो. पण 'मी सांगितलं होतं' असं ही म्हणालीच नाही. सर्दी कशी आहे, एवढंच विचारलं. ते जास्त लागलं.

चष्मेवालीची पोर रविवारी येतेय. वर्ग पुढेही चालू राहणार, शिकवणार ही. मीही सप्टेंबरपर्यंत थांबावं, असा सगळ्यांचा आग्रह आहे. कपाटावरून फोन घसरतो.

उद्या दहाला वर्ग. फोन आडवा धरायचा, हात हलवायचा नाही, बोट कॅमेऱ्यावर येऊ द्यायचं नाही.