विहिरीच्या सात पायऱ्या

मंगळवार, संध्याकाळ. मारतहळ्ळी.

ऑनलाइन विश्वकोशासाठी इथल्या जुन्या विहिरीवरचा लेख एआयकडून लिहून घेतला. भाषा फारच सुबक होती, तिथेच शंका आली. कुठून उचललंस म्हणून विचारलं, तर म्हणे सगळं स्वतःच्या शब्दांत.

खालच्या मजल्यावरच्या अण्णांना दाखवला. त्यांची विहिरीवरची पुस्तिका नेटवर आहे. ‘सात पायऱ्या’ वाचून ते हसले.

"सात मी न मोजताच लिहिलं होतं. स्वल्प चुकलं. आहेत नऊ."

म्हणजे चूकसुद्धा अण्णांचीच. आणि लेखक म्हणून नोंद माझी होणार होती.

मसुदा पुसला. पण याआधी असेच दिलेले लेख? त्यांतल्या सात पायऱ्या कुणाकुणाच्या असतील?