चाकांवरचा सॉना

कोइवुलाह्ती, ७ नोव्हेंबर

प्रिय आर्तूदादा,

टांपेरेत थंडी पडली असेलच. इथे तळ्याच्या कडेने बर्फ धरलाय. मी बरी आहे. बाबाही बरे आहेत, म्हणजे विचारलं तर तसंच सांगतात.

आमच्या वर्गाने काढलेला उद्योग ऐकून हसशील. ट्रेलरवर आम्ही सॉना बांधलाय, वाफेच्या अंघोळीची आख्खी लाकडी खोली, भट्टी आणि तापल्या दगडांसकट. ज्या म्हाताऱ्यांना आता लाकडं फोडणं, भट्टी पेटवणं झेपत नाही, त्यांच्या दारात शनिवारी तो नेऊन उभा करतो. ते देतात त्या पैशांत लाकडांचं आणि डिझेलचं भागतं. माझ्या वर्गातला वेइक्को ट्रॅक्टर चालवतो, मी भट्टी सांभाळते. म्हाताऱ्या ठेवणीतला टॉवेल काढून वाट बघत बसलेल्या असतात.

गेल्या शनिवारी ट्रेलर आपल्या अंगणात उभा होता. हो, आपल्याच. उन्हाळ्यात बाबांना झटका आला, तेव्हापासून त्यांना उजवा हात उचलता येत नाही. "त्याला कळवलंस तर बघ," असा त्यांनी दम भरला होता मला, म्हणून आजवर लिहिलं नाही.

बाबा एकटेच आत गेले. दगडांवर पाणी टाकल्याचा चर्र आवाज आला, मग सगळं शांत. आम्ही बाहेर निवांत. सॉनात माणूस गप्प बसणारच, आणि दुसऱ्याच्या सॉनाचं दार कोण ठोठावतं? वेइक्को म्हणालासुद्धा, "तुझे बाबा काय, भट्टी विझेपर्यंत बसतील." पण पुन्हा पाण्याचा आवाज येईना. भीडभाड सोडून दार उघडलं, तर बाबा खालच्या फळीशी पडलेले. शुद्धीवर, डोळे टक्क उघडे. हाक मारायची लाज वाटली म्हणे! आणि पहिलं वाक्य काय? "दार लाव. ऊब बाहेर चाललीय."

मी त्यांच्यावर इतकी ओरडले की अख्ख्या गावाने ऐकलं असेल. मग रडले. त्यांना उचलून बाहेर आणलं ते वेइक्कोनेच.

मुका मार आहे, हाडं शाबूत आहेत. पण शाळेने आता नियम केलाय, कुणालाही एकटं आत सोडायचं नाही. मला बाबा उचलत नाहीत. वेइक्को सोबत बसायला तयार आहे, तर बाबा म्हणतात, "परक्या पोरासमोर मी दोनदा नागडा पडणार नाही." सॉनाच नको म्हणतात. जेवणही निम्म्यावर आलंय. सॉना सुटला तर हा माणूस खचेल दादा, हे तुला सांगायला नको.

काल न राहवून विचारलं, "मग चालेल तरी कोण?" खिडकीबाहेर बघत गुरगुरले, "आर्तू नको. तो पाणी फार ओततो."

आईच्या अंत्यविधीला तू आणि बाबा भांडलात, त्यानंतर या घरात तुझं नाव निघालं नव्हतं. तू म्हणशील, आधी त्यांनी बोलवावं. अरे, त्यांचं बोलावणं असंच असतं. याहून जास्त ते बोलायचे नाहीत, आणि मला तुम्हा दोघांचा संताप येतो.

शनिवारी ट्रेलर पुन्हा आपल्याकडे आणतेय. भट्टी मी पेटवीन. बाबांना आत नेणं माझ्याच्याने होणार नाही.

दोघांच्या मध्ये उभं राहून दमलेली
तुझी केर्त्तु