अकरा दिवसांचा एकच टॉवेल

सोमवार, ४ तारीख

आज ग्रुपवर नऊच्या नऊ टॉवेलांचे फोटो आले! सगळ्या हजर. उठल्या उठल्या मी मोबाईल हातात घेते, तर सूनबाई म्हणते, "आई, आधी तोंड धुवा, मग जग बघा." बघू दे की! इतकी वर्षं काय बघितलं?

हे सगळं त्या सिनेमामुळे. त्यातली म्हातारी एकटी राहते. आपण धडधाकट आहोत हे समोरच्या बाईला कळावं म्हणून रोज सकाळी खिडकीत ओला टॉवेल टाकते. साठी उलटल्यावर लिहायला शिकते. चौदा वेळा पाहिला मी. मग नातीला म्हटलं, मला पण शिकव. दुसरीपर्यंत शाळा झालेली, पण कधीच पुसली गेली होती. नात म्हणते, "आजी, अक्षर आहे की मुंग्या पळतायत?" पळू देत. वही भरत आली!

तिनेच मला त्या सिनेमावेड्या बायकांच्या ग्रुपमध्ये घातलं. नऊजणी आम्ही, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. उठलं की टॉवेल वाळत टाकायचा, फोटो पाठवायचा. तिथे सगळ्यांना टोपणनावं, मी इस्त्रीआजी. माझी खास म्हणजे टाकेवाली, कपडे शिवते. लिहायचा कंटाळा, बोलून पाठवते — पाच-पाच मिनिटं! घरात एक अबोल लेक. "तिच्या वाटणीचंही मीच बोलते," म्हणते.

मंगळवार, ५

कालपासून मनात खुटखुटतंय. टाकेवालीचा टॉवेल.

एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या धुलाईत काढली. चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे डगले — एका डगल्याच्या खिशात एकदा अख्खं उकडलेलं अंडं निघालं होतं, ते असो. टॉवेल दोन दिवस सारखा वाळत नाही. पाणी वेगळीकडून उतरतं, कड वेगळी मुरगळते. हिचा उजवा कोपरा रोज तस्साच दुमडलेला. खाली थेंब लोंबतोय, तो पडतच नाही!

मागे मागे जाऊन पाहिलं. अकरा दिवस एकच फोटो.

आणि अकरा दिवसांत तिचा आवाज नाही. शेवटी म्हणाली होती, "ताई, हल्ली सकाळी उठवत नाही हो." मी काय म्हटलं? "अगं, कडक चहा घे, उठशील धावत!" जीभ झडो माझी.

बुधवार, ६

सात वेळा फोन लावला. वाजतो, वाजतो, थांबतो. मग लिहिलं — बरी आहेस ना गं? उत्तर आलं. नुसते जोडलेले हात. एरवी शिंकली तरी दोन मिनिटं सांगणारी बाई!

गुरुवार, ७

ग्रुप चालवते ती शाळेतली मास्तरीण, आता घरी बसलेली. तिला कळवलं. म्हणाली, "आजी, टॉवेल येतोय ना? मग कशाला जिवाला घोर?" येतोय म्हणूनच घोर! कुणाच्या डोक्यात शिरेना. एकीने हसरं तोंड पाठवलं.

मुलगा म्हणाला, "आई, सिनेमा आहे तो. आता दार फोडायला निघतेस की काय?" सिनेमात टॉवेल दिसत नाही त्या दिवशी समोरची बाई दार फोडते, त्यावरून टोमणा. मी ताटावरून उठले. पडली असेल. अंथरुणाला खिळली असेल. त्याहून वाईट काही करून बसली तर? कुठलं दार फोडू मी? पत्तासुद्धा ठाऊक नाही.

शुक्रवार, ८

देवा, तिला सुखरूप ठेव.

शनिवार, ९

पत्ता मिळाला! मागे तिने मला पिशवी शिवून पाठवली होती, तिचं वेष्टण गादीखाली निघालं. मी काही टाकत नाही म्हणून सूनबाई रोज कटकट करते. आता बोल म्हणावं!

बसने सहा तास. एकटी मी कधी बसमध्ये चढले नाही. हे होते तेव्हा हे पुढे, मी मागे, तिकीट यांच्या खिशात. मुलगा म्हणतो, "पुढच्या रविवारी मी नेतो." पुढच्या रविवारी! तोवर काय राहिलं असेल? रडून घेतलं मोरीत.

बाहेर आले तर सूनबाई डबा भरत होती. "आई, पहाटेची बस आहे. स्टँडवर मी सोडते. यांचं मी बघते."

रविवार, १०

दार तिच्या लेकीने उघडलं. टाकेवाली जाऊन सोळा दिवस झाले. झोपेतच. फोटो ही पोर पाठवत होती.

रोज तोच का गं, विचारलं. म्हणाली, "सांगायला तोंडच उघडेना, आजी. वाटलं, तुमच्यातलं कुणीतरी ओळखेल. आणि येईल."

घरात दुसरं कुणी नाही. मी थांबलेय.