झाकण उघडं असताना

प्रिय लोकेशभाऊ,

जर्मनीत थंडी फार असेल. मी मधे सुरतेजवळ कामरेजला टेम्पोवर होतो, मग एका रसवाल्याकडे टिकलो काही दिवस. त्याची कुत्री गिऱ्हाईक ओळखायची, पण ते राहू दे.

तुला आठवतं, परदेशातली आपली माणसं आपल्या पोरांना शिकवणार म्हणून शेठनं कारखान्यात पडदा लावला होता, आणि त्यावर जर्मनीहून बोलताना तू? आपले आबा पहिल्या रांगेत बसले होते. लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान केव्हाच नेलेत, तरी तुझे ओठ हलताना बघून मान डोलवत होते. तू नव्या मशीनचं सांगितलंस, झाकण उघडं असलं की ते सुरूच होत नाही, बिनधास्त हात घाला.

आपल्या योगिताचा नवरा चेतन तोवर आबांनी शिकवल्यासारखा आधी मेन स्विच पाडायचा, मगच हात घालायचा. तुझं ऐकल्यावर पोरं त्याला म्हातारा म्हणून चिडवायला लागली. शेठ म्हणाला, किती टाइम घालवतो. मग त्यानं स्विच पाडणं सोडलं.

योगितानं तुला फोनवर सांगितलं ना, चेतन जिन्यावरून पडला? तो पडलेला नाही, भाऊ. झाकण उघडलं की मशीन सारखं थांबतं म्हणून शेठनं झाकणाचं बटण तारेनं दाबून बांधायला लावलं होतं, म्हणजे झाकण उघडं असलं तरी मशीन चालतं. चेतनला ते माहीत नव्हतं. मशीन उभं होतं. त्यानं झाकण उचललं, रोलरमध्ये अडकलेला धागा काढायला हात घातला, आणि पलीकडच्या माणसानं ते चालू केलं. उजव्या हाताचा अंगठा तेवढा राहिलाय. दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा मला म्हणाला, "झाकण तर उघडं होतं ना रे?"

तार लगेच काढली. शेठ सगळ्यांना सांगतो, जर्मनीच्या साहेबांनी बरोबर शिकवलं होतं, याचंच ध्यान नव्हतं.

फोनवर हे बोलता येत नाही, घर केवढंसं ते तुला माहीत आहे, सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. रविवारी कारखान्यात तुझा सत्कार आहे. हार चेतनच्या हातून घालायचं शेठनं ठरवलंय. घातला तर वॉचमनची जागा, नाहीतर घरी बस. तो योगिताच्या ओढणीची हारासारखी गुंडाळी करून डाव्या हातानं उचलायची सवय करतोय. आबा बघत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. तू नको येऊ असं मी म्हणत नाही. ये. फक्त हार घालून घ्यायच्या आधी माइकवर विचार, ते बटण कोणी बांधायला लावलं होतं. मी विचारलं तर मला गेटबाहेर काढतील. तुला नाही काढणार.

तुझाच, कुठेच न टिकणारा,
भटू