‘दुखता’चं बटण

४ नोव्हेंबर
के. (आमची केतकी) पुण्याहून आली, कुत्र्यासकट. घरून काम करायला परवानगी मिळालीय म्हणे, आता मे महिन्यापर्यंत इथे गावी आचऱ्यालाच. कुत्र्याचं नाव बिस्कुट. सामानातून एक फळी निघाली, तिच्यावर बशीएवढी बटणं. दाबलं की एकेक शब्द बोलतं, के.च्याच आवाजात: खाऊ, पाणी, बाहेर, ये, होय, नको. ओटीवर मांडून म्हणते, "बाबा, बिस्कुट बोलतो." म्हटलं, बटण बोलतं. तोंड फुगवून आत गेली.

माझी सगळी नोकरी ओरोसच्या कचेरीत दाखले तपासण्यात गेली. मूळ प्रत बघितल्याशिवाय कोणाच्या कागदावर सही केली नाही. कुत्र्याला सूट का द्यायची?

६ नोव्हेंबर
जेवढं खरं तेवढं मान्य. कुत्रा दाराशी गेला, परत आला, "बाहेर" दाबलं. के.ने परड्यात नेलं. पण आमचा जुना बैल गोठ्याचं दार शिंगाने वाजवायचा, त्याला भाषा कोणी म्हटलं नाही. बैल होता म्हणून असेल. के. या सगळ्याचे व्हिडिओ काढून नेटवर टाकते. लोक बघतात म्हणे. लोकांना कामं नाहीत.

९ नोव्हेंबर
आज रीतसर तपासणी. के.ला विहिरीकडे पाठवलं. मी खुर्चीत, पेपर तोंडासमोर धरून. कुत्रा फळीपाशी आला, पंजा उचलला, माझ्याकडे बघितलं. पेपरामुळे माझं तोंड दिसेना. पंजा खाली. घुटमळून बसला. के. परत आली तशी खटाखट: "खाऊ, खाऊ, ये." म्हणजे याला शब्द कळत नाहीत. समोरच्याचं तोंड बघतो आणि त्यावरून ठरवतो.

के.ला सांगितलं. "माणसं वेगळं काय करतात?" म्हणे. हे उत्तर नव्हे, ही फाटे फोडायची सवय. आजीकडून आलीय.

सौ. आतून: "तेका खेळांदेत गप. तुमका काय त्रास?"

१३ नोव्हेंबर
कुत्र्याच्या पंजात काटा मोडला होता. लंगडायला लागला तोपर्यंत कोणाला पत्ता नाही. के.चं म्हणणं, दुखण्याला शब्द पाहिजे. दिवसभर तो सौ.च्या पायात असतो, म्हणून या बटणात आवाज तिचा, आणि मालवणीच. सौ. आधी लाजली, पदर तोंडाला लावला. दोनदा हसू फुटलं. मग नीट म्हणाली: "दुखता."

हा शब्द हिच्या तोंडून बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. बटण वेगळं ठेवलंय, स्वयंपाकघराच्या दाराशी.

१८ नोव्हेंबर
कहर. शेजारची वत्सू आली, हातात नारळ. "भावोजी, तुमच्या कुत्र्याक एक विचारूचा होता." मुलाचं स्थळ आलंय, मुलगी फोंडाघाटची. देवळात कौल लावायचा तो लावणारच आहे, पण त्याआधी इथे. के.ला हसू आवरेना. वत्सूने हात जोडून विचारलं, पोरगी करूची की नाय? कुत्र्याने नारळाचा वास घेतला आणि "बाहेर" दाबलं.

"भायर! म्हणजे गावाभायरचीच करूक सांगता!" वत्सू खूश होऊन गेली. नारळ ठेवून गेली.

देवळातल्या कौलाला मी कधी शंका घेतली नाही. तिथे शिस्त आहे. प्रश्न आधी स्वच्छ मांडतात, पाकळी उजवी पडते की डावी ते सगळ्यांसमोर ठरतं. इथे उत्तर आधी येतं आणि प्रश्न मागून त्याला बेतून घेतात. सौ.ला हे सांगितलं तर म्हणते, "नारळ बरो आसा, सोलकढी करतंय."

२२ नोव्हेंबर
दुपारी कुत्र्याने "दुखता" दाबलं. मी स्वतः बघितलं. सौ. तांदूळ निवडत बसली होती, तिच्याकडे बघितलं आणि दाबलं. संध्याकाळी पुन्हा. के. घाबरली. पंजे बघितले, कान बघितले. काही नाही.

२३ नोव्हेंबर
सकाळी पुन्हा तेच. के.ने मालवणहून गुरांचे डॉक्टर बोलावले. मोटरसायकलवरून आले बिचारे. दात, पोट, शेपटीपर्यंत सगळं तपासलं. "ठणठणीत आसा. तुमच्यापेक्षा बरो." चहा घेऊन गेले. सौ.ने त्यांना पडवीपर्यंत पोचवलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखी उभी राहिली, मग आत आली.

संशय के.वर. दुखणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ जास्त चालत असणार. विचारलं तर रडायलाच लागली. रडण्यावरून काही सिद्ध होत नाही, पण वाईट वाटलं.

२७ नोव्हेंबर
के. सुटली. ती खोलीत कामाला बसलेली असते तेव्हाही "दुखता" येतं. सौ. स्वयंपाकघरात असते तेव्हाच येतं. आज खिडकीतून पाळत ठेवली. कुत्रा तिच्याकडे टक लावून बसलेला. तिने पाट्यावरून हात काढला, भिंतीला टेकली. याने बटण दाबलं. तिने खोबऱ्याचा तुकडा टाकला.

सापडलं! जाऊन विचारलं, "खोबरा दितंस कित्याक तेका?"
"बोलता म्हणान."
म्हणजे हीच शिकवतेय, खोबऱ्याच्या लालचीने. खोबरं बंद करायला सांगितलं. जेवायला वाढून स्वतः जेवली नाही, भूक नाही म्हणाली. माझ्यावरचा राग.

३० नोव्हेंबर
खोबरं बंद आहे. "दुखता" बंद नाही. आता मात्र कळत नाही. काहीतरी असेल जे मी अजून तपासलेलं नाही.

१ डिसेंबर, मालवण
दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहितोय. वही पिशवीत कशी आली माहीत नाही. हाताला काहीतरी हवं.

दुपारी के. कुत्र्याला घेऊन समुद्रावर गेली होती. मी ओटीवर. आतून आलं: "दुखता." थोडं थांबून पुन्हा. आता रंगेहाथ पकडतो म्हणून उठलो. दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं, कुत्रा घरात नाही.

स्वयंपाकघराच्या दारात सौ. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्याने छातीवरचा पदर. पाऊल बटणावर. मला बघून पाऊल काढलं.

"कोण वाजयता?" माझ्या तोंडून हेच निघालं.
"कुत्रो."
"कुत्रो दर्यार गेलो मगे."

खाली बसली. घामाने भिजलेली. म्हणाली, "मी सांगलंय तर तुमी 'कधीपासून, खंय, काल तर बरा होता' विचारतल्यात. कुत्र्यान सांगल्यान तर डॉक्टर घराक इलो."

रिक्षा कशी मिळाली, के.ला कोणी सांगितलं, आठवत नाही. रिक्षात तिचा हात माझ्या हातात होता. इतकी भीती मला जन्मात वाटलेली नाही.

आत नेलंय. तरुण डॉक्टर बाहेर आले, कागद घेऊन. पहिलाच प्रश्न: "कधीपासून दुखतंय त्यांना?"

बावीस तारखेपासून, म्हणालो. मग म्हटलं नाही, थांबा. बावीसला तर कुत्र्याने दाबलं होतं, मी बघितलं होतं. पण त्याआधी? आणि मी ओटीवर असताना आतून जे ऐकू यायचं ते? त्यातलं कुत्र्याचं कुठलं आणि हिचं कुठलं, मला सांगता येईना. डॉक्टर पेन धरून थांबलेले.

के.कडे बघितलं. तिनेही नाही अशी मान हलवली. "आईला विचारा ना, बाबा."

आई आत आहे. दार लावून घेतलंय.